आखातातील हॉटेलांतून कायमचे गावी परतताना

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातील अनेक घरांतला एखादा तरी माणूस दुबई, दोहा किंवा मस्कतच्या हॉटेलात, नाहीतर क्रूझ बोटीवर नोकरी करून आलेला असतो. जाताना काय काय करावे लागते, हे सांगायला गावात दहा जण भेटतात. परतीची तयारी मात्र सामानाचे वजन तीस किलोत बसवण्यापुरतीच समजली जाते. मी दुबईतील एका हॉटेलच्या बँक्वेट किचनमध्ये बारा वर्षे काढली आणि कुडाळ तालुक्यातील गावी परतलो, तेव्हा माझीही समजूत हीच होती. पहिल्या वर्षात जे पैसे आणि जी मनःशांती गमावली, त्यातील बहुतेक तिकीट काढण्यापूर्वी थोडे डोके चालवले असते तर वाचली असती. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने संयुक्त अरब अमिरातीतील हॉटेल कामगारांना समोर ठेवून लिहिले आहे. कतार, सौदी आणि बोटीवरच्या मंडळींसाठी जिथे फरक आहे, तिथे तो सांगितला आहे.

सहा महिने आधी: निर्णय आणि कर्ज

राजीनामा देण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे करारातील नोटिशीचा काळ. अमिरातीत तो कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा असू शकतो, आणि तो न पाळल्यास तेवढ्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे तिथल्या बँकेचे कर्ज. वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी शिल्लक असताना नोकरी संपली, तर हिशेबाची रक्कम खात्यात जमा होताच बँक ती अडवू शकते आणि प्रकरण वाढले तर देश सोडण्यावरही बंदी येऊ शकते. माझ्या शेजारच्या बेडवरचा एक स्टुअर्ड न वापरलेले कार्ड बंद करायला विसरला होता. त्या कार्डाचे वार्षिक शुल्क आणि त्यावरचा दंड साचत गेला आणि जायच्या दोन दिवस आधी त्याला इतरांकडून उसने घेऊन ते भरावे लागले. म्हणून कर्ज फेडले की बँकेकडून ‘काही देणे नाही’ असे पत्र लेखी घ्यावे आणि त्याची छापील प्रत भारतात घेऊन यावी.

याच काळात कंपनीच्या आरोग्य विम्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. आपल्या धंद्यात दहा-दहा तास उभे राहून पायांच्या शिरा फुगतात, गाद्या उचलून हाउसकीपिंगवाल्यांची कंबर जाते आणि ब्रेक शिफ्टमुळे, म्हणजे दिवसात दोन तुकड्यांत केलेल्या ड्युटीमुळे, जेवणाच्या वेळा कधीच पाळल्या जात नसल्याने साखर आणि रक्तदाब कधी वाढले ते कळत नाही. दात, डोळे, रक्ताच्या तपासण्या तिथेच उरकाव्यात आणि सर्व रिपोर्ट सोबत आणावेत. भारतातील आरोग्य विमाही परतण्याआधीच घेतलेला बरा, कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका चांगला. अर्ज भरताना आजार लपवू नयेत. पुढे दावा नाकारण्यासाठी कंपनीला तेवढे कारण पुरते.

शेवटचा महिना: सेटलमेंटचा हिशेब स्वतः मांडावा

बहुतेकांची सर्वांत मोठी निराशा इथे होते आणि ती टाळता येण्यासारखी आहे. अमिरातीत २०२१ चा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार किमान एक वर्ष सलग नोकरी केलेल्या परदेशी कामगाराला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. एकूण रकमेला दोन वर्षांच्या पगाराची मर्यादा आहे. ग्यानबाची मेख अशी की हा पगार म्हणजे फक्त बेसिक, म्हणजे भत्ते वगळून उरणारा मूळ पगार. हॉटेलात बेसिक कमी आणि सर्व्हिस चार्ज, जेवण, राहणे, ओव्हरटाइम मिळून हातात येणारी रक्कम जास्त, अशी रचना सर्रास असते. त्यामुळे महिन्याला हातात किती येत होते, यावरून केलेला अंदाज हमखास फसतो.

उदाहरण घेऊ. बेसिक १,५०० दिरहम आणि नोकरी आठ वर्षांची असेल, तर एका दिवसाचा पगार ५० दिरहम धरला जातो. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस म्हणजे ५,२५० दिरहम आणि पुढील तीन वर्षांचे ९० दिवस म्हणजे ४,५०० दिरहम, असे एकूण ९,७५० दिरहम होतात. यात शिल्लक रजेचा पगार मिळवावा आणि बिनपगारी गैरहजेरीचे दिवस नोकरीच्या काळातून वगळावेत. हा आकडा कागदावर मांडून मगच एचआरच्या खोलीत जावे. करार संपल्यापासून १४ दिवसांत सर्व देणे चुकते करणे मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही त्याच देशात दुसरी नोकरी धरली नसेल आणि नोकरी तुमच्या चुकीमुळे संपली नसेल, तर मायदेशी पाठवण्याचा खर्चही मालकाचाच असतो.

कतारमध्ये दरवर्षी किमान तीन आठवड्यांच्या बेसिकचा हिशेब असतो. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्धा महिना आणि पुढे दरवर्षी एक महिना धरतात, परंतु स्वतः राजीनामा दिल्यास दोन ते पाच वर्षांच्या नोकरीला एक-तृतीयांश, पाच ते दहा वर्षांना दोन-तृतीयांश आणि दहा वर्षांनंतरच पूर्ण रक्कम मिळते. म्हणजे सौदीत नऊ वर्षे आठ महिने झालेल्या माणसाने घाईने राजीनामा देणे हा महागडा सौदा ठरतो. बोटीवर ग्रॅच्युइटीचा विषय सहसा नसतो. तिथे प्रत्येक करार संपल्यावर हिशेब पुरा होतो, म्हणून साइन ऑफच्या, म्हणजे बोट सोडण्याच्या, वेळची पगारपत्रके आणि सीडीसीवरील (खलाशाच्या सेवापुस्तिकेवरील) नोंदी हाच त्यांचा खरा दस्तऐवज.

व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर ‘मला माझे सर्व पैसे मिळाले’ अशा अर्थाचे वाक्य बहुधा असते. रक्कम खात्यात दिसल्याशिवाय किंवा चेक हातात आल्याशिवाय त्यावर सही करू नये, कितीही घाई केली तरी. वाद झालाच, तर अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते आणि दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र सल्ला देते. भारतात परतल्यावरही परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मात्र दुरून भांडणे फार अवघड जाते, म्हणून शक्य तो निकाल तिथे असतानाच लावून घ्यावा.

कागदांपैकी अनुभवाचे पत्र सर्वांत महत्त्वाचे. त्यावर हुद्दा, विभाग, नोकरीच्या तारखा आणि हॉटेलचा शिक्का असावा. कॉमी (सर्वांत खालच्या पायरीचा शेफ) म्हणून सुरुवात करून सीडीपी (एका सेक्शनचा शेफ) झाला असाल, तर बढत्यांचा उल्लेख मागून घ्यावा. फूड सेफ्टी, फर्स्ट एड अशा प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे आणि तिथल्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला ओळखपत्र चालू असतानाच मिळवावा, कारण नंतर तो मिळवणे कटकटीचे होते. तिथल्या बँकेचा ओटीपी तिथल्याच सिमवर येतो, हे लक्षात ठेवून पैसे आधी भारतात पाठवावेत आणि सिम शेवटी बंद करावे. आपला भारतीय नंबर रिचार्जअभावी बंद पडला असेल, तर आधार आणि बँकेची सगळीच कामे अडतात. तो आधीच जिवंत करून ठेवावा.

विमानतळ

सोन्याबाबत जास्त गैरसमज आहेत. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅमपर्यंतचे दागिने शुल्काशिवाय आणण्याची सवलत आहे. ती दागिन्यांनाच असते, बिस्किटांना किंवा नाण्यांना नाही. घरगुती सामानावरील सवलतीची रक्कम आणि यादी सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर एकदा पाहावे. दुसऱ्या कोणाचे ‘छोटेसे पार्सल’ आणू नये. टीव्ही आणि मायक्रोवेव्ह कुडाळच्या बाजारातही मिळतात, हे मला ते वाहून आणल्यावर समजले.

पहिले पंधरा दिवस: बँक आणि कार्यालये

कायमचे राहण्याच्या हेतूने परतलात, की परकीय चलनाच्या कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, तुम्ही निवासी ठरता. बँकेला तसे कळवून एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती साध्या निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. एनआरई ठेवीवरील व्याज करमुक्त असते, ते तुम्ही अनिवासी असेपर्यंतच. परतल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. परकीय चलनातील एफसीएनआर ठेव मात्र ठरलेल्या व्याजाने मुदत संपेपर्यंत चालू राहू शकते आणि परकीय चलन तसेच ठेवायचे असेल, तर आरएफसी खाते उघडता येते. पुष्कळ जण बँकेला काही कळवतच नाहीत आणि जुनी खाती वर्षानुवर्षे तशीच चालवतात. ते नियमात बसत नाही आणि पुढे कर्ज काढताना किंवा जमीन घेताना अंगाशी येते.

आयकराचा नियम वेगळा आहे आणि तो दिवसांवर चालतो. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या, किंवा मागील सात वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिलेल्या माणसाला ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नाही’ असा मधला दर्जा मिळतो. त्या काळात परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर भारतात सहसा कर लागत नाही. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा घेणारे बहुतेक लोक या व्याख्येत बसतात. तो दर्जा संपल्यावर तिथले चालू ठेवलेले बँक खाते विवरणपत्रात दाखवावे लागते. पासपोर्टवरील शिक्क्यांवरून दिवस मोजून एखाद्या सीएला एकदा दाखवावे. त्याची फी ही वाया गेलेली रक्कम नव्हे.

रेशनकार्डावरील नाव बारकाईने तपासावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी रेशनकार्ड लागते. अनेक घरांत परदेशी गेलेल्याचे नाव कधीतरी कमी झालेले असते. वडील वारले असतील, तर सातबारावर वारस म्हणून नोंद झाली आहे का, हेही याच फेरीत तलाठ्याकडे पाहून घ्यावे. जाण्यापूर्वी मुंबईत, पुण्यात किंवा गोव्यात नोकरी केली असेल, तर त्या काळातील भविष्यनिर्वाह निधी शिल्लक असू शकतो. माझे पहिल्या नोकरीचे पैसे पंधरा वर्षे तसेच पडून होते.

घरात: पाहुणा ते घरचा माणूस

कागदपत्रांची कामे पंधरा दिवसांत उरकतात, घरात पुन्हा रुळायला मात्र वर्ष लागते. दोन वर्षांनी दोन महिन्यांसाठी येणाऱ्या माणसाचे घरात पाहुण्यासारखे स्वागत होते. त्याच्या आवडीचे मासे आणले जातात, मुलांना ओरडायचे त्याच्यासमोर टाळले जाते आणि अडचणीच्या गोष्टी तो परत जाईपर्यंत झाकून ठेवल्या जातात. त्यामुळे त्याला वाटते की आपले घर असेच असते. तिसऱ्या महिन्यात पाहुणचार संपतो, आणि तो संपायलाच हवा, पण त्या वेळी पुष्कळांना आपली किंमत कमी झाल्यासारखे वाटते.

खरे पाहता ते घर तुमच्या गैरहजेरीत चालायला शिकलेले असते. बँक, शाळा, ग्रामपंचायत, सासऱ्यांची औषधे, गडग्याचे भांडण, हे सगळे पत्नीने एकटीने सांभाळलेले असते. आल्या आल्या सर्व सूत्रे हाती घेऊ पाहणारा माणूस मदत करत नसतो, तो चाललेले काम बिघडवत असतो. हॉटेलात नवीन बॅच रुजू झाली की पहिले काही दिवस जुन्यांच्या मागे फिरून फक्त पाहायचे असते. घरातही तोच नियम लावावा. महिनाभर पत्नीबरोबर प्रत्येक कामाला जावे, विचारावे आणि तिने सांगितलेली कामे करावीत. मी दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघरातील डबे बँक्वेट स्टोअरसारखे लेबले लावून रांगेत मांडले होते. “हे तुमचं हॉटेल नाय, माका माझी हळद सापडूक व्हयी,” एवढे एकच वाक्य ऐकून मी ती लेबले काढली.

मुलांशी नाते व्हिडिओ कॉलवर टिकलेले असते, पण त्यात शिस्तीचा भाग नसतो. दहावीतल्या मुलाला ‘हे आत्ताच का विचारता?’ असे वाटले, तर त्यात त्याची चूक नाही. त्याच्या वेळापत्रकातील एखादे छोटे काम आपल्याकडे घ्यावे. क्लासला सोडणे किंवा रविवारी त्याच्याबरोबर बाजाराला जाणे यांसारख्या कामांत बोलणे आपोआप होते. झोपेचेही तसेच. वर्षानुवर्षे रात्री एकनंतर जेवून झोपलेल्या शरीराला गावची साडेनऊची झोप जमायला काही आठवडे लागतात. त्या जागरणात मोबाइल आणि बाटली या दोन सवयी पक्क्या होतात. बारमध्ये काम केलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. महिन्या-दोन महिन्यांनंतरही झोप लागत नसेल किंवा उदास वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

गावाच्या अपेक्षांसाठीही आधीच तयारी ठेवावी. देवळाचा जीर्णोद्धार, क्रिकेट स्पर्धा, भावकीतले लग्न आणि ‘दोन महिन्यांत परत करतो’ म्हणून मागितलेले हातउसने, ही सर्व मंडळी पहिल्या महिन्यातच येतात. माझी सूचना अशी की वर्षाची एक रक्कम पत्नीच्या सल्ल्याने ठरवावी, ती वर्गणीला द्यावी आणि उसने मागणाऱ्यांना पैसे मुदत ठेवीत अडकले आहेत असे सांगावे. ते खरे असावे, म्हणून पैसे खरोखरच मुदत ठेवीत ठेवावेत.

काम: पहिले वर्ष दुसऱ्याच्या हॉटेलात

इथे माझे मत अनेकांना पटत नाही, तरीही ठामपणे सांगतो. परतल्यावर पहिले वर्षभर ग्रॅच्युइटीच्या पैशांना हात लावून होमस्टे किंवा हॉटेल काढू नये. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात ठेवावा, बाकीची रक्कम ठेवीत टाकावी आणि एक पूर्ण हंगाम दुसऱ्याकडे नोकरी करावी.

कारण असे की आपल्याला हॉटेलातील एक विभाग येतो, हॉटेल येत नाही. तीनशे माणसांचे बुफे लावणाऱ्या शेफला भाजी कोण आणतो, वीजबिल किती येते आणि खोली रिकामी राहिली तर नुकसान कोणाचे, याचा विचार कधी करावा लागलेला नसतो. शिवाय मालवण-तारकर्लीकडचे पर्यटन हंगामी आहे. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिना सोडला, तर मधले दिवस बरेच रिकामे जातात आणि पावसाळ्यात समुद्रातील खेळ बंदच असतात. मे महिन्यात आलेल्या माणसाला गर्दी पाहून हा धंदा बारमाही आहे असे वाटते. ऑगस्टमध्ये त्याच किनाऱ्यावर एक चक्कर मारावी.

गोव्यातील हॉटेले दिवाळीच्या आधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माणसे घेतात, त्यामुळे परतीची तारीख आपल्या हाती असेल तर पावसाळ्याच्या शेवटी आलेले बरे. पगार तिथल्यापेक्षा बराच कमी असेल आणि हुद्दाही एखादी पायरी खाली असू शकतो. तुलना करताना मात्र दिरहमचे रुपये करून थांबू नये. तिथले मेसचे कंटाळवाणे जेवण, सहा जणांची खोली आणि चुकलेली गणेश चतुर्थी हेही त्या पगाराच्या दुसऱ्या बाजूला मांडावे. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी नसलेल्यांनी ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ या प्रकारातील प्रमाणपत्राची चौकशी करावी. कौशल्य विकास योजनांत अनुभवाची परीक्षा घेऊन असे प्रमाणपत्र देण्याची सोय केलेली आहे आणि पर्यटन-आतिथ्य क्षेत्रासाठी वेगळी कौशल्य परिषद आहे. शिकवण्याची आवड असेल, तर जवळच्या केटरिंग कॉलेजात किंवा आयटीआयमध्येही विचारून पाहावे.

वर्षभरानंतरही स्वतःचे काही काढायचे असेल, तर घराच्या दोन खोल्यांपासून आरंभ करावा. समुद्रालगतच्या घरांना सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. त्यांत स्थानिक रहिवाशांना घराचे जोते, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवण्याची मुभा आहे. वर एक मजला चढवायचा असेल, तर प्रकरण वेगळे होते. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी, जेवण देणार असल्यास अन्नसुरक्षेची नोंदणी आणि ग्रामपंचायतीचा दाखला हे किमान कागद लागतात. भांडवलासाठी राज्याचा २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळू शकते. वयाच्या आणि शिक्षणाच्या अटी व व्यवसायांची यादी ओरोसच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावी. अनुदान नंतर येते आणि हप्ता लगेच सुरू होतो, म्हणून हिशेब अनुदान धरून मांडू नये.

पुन्हा जावेसे वाटले तर

वर्षभरात काही जण परत जातात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तो मार्ग खुला राहावा म्हणून पासपोर्टची मुदत संपू देऊ नये, बोटीवरच्यांनी सीडीसी आणि सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे वेळेवर नूतनीकरण करून घ्यावीत आणि जुन्या विभागप्रमुखाला सणावाराला एखादा निरोप पाठवत राहावा. दुसऱ्यांदा जाताना मात्र ओळखीच्या माणसाच्या शब्दावर पैसे देऊ नयेत. भरती करणारा एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे नाव टाकून पाहता येते. नियमाप्रमाणे त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी, एवढेच घेता येते. पावती मागावी, आणि या वेळी करारावर सही करण्यापूर्वी बेसिक किती लिहिला आहे ते आधी वाचावे.